‘छान’ न म्हणणारे मामा

गप्प राहिल्यामुळे कुणाची तब्येत बिघडली असेल, तर अख्ख्या डोंबिवलीत ती फक्त माझ्या बायकोच्या मामांची. मध्यंतरी घसा बसला म्हणून डॉक्टरांनी त्यांना तीन दिवस बोलायला बंदी केली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी मामांना सणसणून ताप भरला. घशाचं काही नव्हतं, आत साठलेली मतं अंगावर आली, असं मामी अजूनही सांगतात. मी याच्या अगदी उलट. हॉटेलात भाजी खारट असली तरी वेटरला ‘छान होती’ म्हणतो, आणि खोटं बोललो म्हणून घरी येईपर्यंत स्वतःला खात बसतो. त्यामुळे मामांचा मला धाक वाटतो, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरला आमची जुनी सोसायटी आहे. मामा ए विंगमध्ये, आम्ही बी विंगमध्ये. आपण ‘कोथिंबीर’ म्हणतो तितक्या सहज मामा ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्वी सगळे लिहायचे. मग मामांनी पाण्याच्या टाकीवर एक लेखमालाच सुरू केली, तेव्हा चेअरमनसाहेबांनी फक्त स्वतःलाच लिहिता येईल अशी सोय केली. मामा खडू घेऊन खालच्या फळ्यावर लिहू लागले. फळ्याला काच बसली, कुलूप लागलं. तेव्हापासून मामा सकाळी गेटपाशी उभे राहून आपलं मत वॉचमनला मोठ्याने ऐकवतात, आणि तो बिचारा ‘जी काका, सही बात’ म्हणतो. ‘सही बात काय? वाद घाल!’ असं म्हणून मामा त्यालाही झापतात. पण एक सांगायला हवं. मागच्या सर्वसाधारण सभेत लोकांनी आरडाओरडा करून चेअरमनसाहेबांना खाली बसवलं, तेव्हा एकटे मामा उठले आणि गरजले, “गप्प बसा सगळे! त्यांना बोलू द्या. ते चुकीचंच बोलणार आहेत, पण पूर्ण बोलू द्या!” साहेबांना आभार मानावेत की रागवावं ते कळेना. त्यांनी पाणी मागितलं.

मामांचा दुसरा आखाडा म्हणजे कस्टमर केअर. फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, गॅसची शेगडी, काहीही बिघडलं की मामांच्या चेहऱ्यावर तेज येतं. फोन लावून ते ऐसपैस मांडी घालून बसतात, शेजारी चहा. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं रेकॉर्डिंग वाजलं की ते रेकॉर्डिंगलाच विचारतात, “महत्त्वाचा आहे ना? मग उचल की!” मध्ये वाजणारी धून बेसूर आहे, अशीही एक तक्रार त्यांनी नोंदवलेली आहे. तिचा क्रमांक मिळाला, पण धून अजून तीच आहे. एकदा मात्र गंमत झाली. पलीकडची मुलगी आमच्या शेजारच्याच दिवा स्टेशनजवळ राहणारी निघाली. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं की कालपासून त्यांच्याकडे नळाला पाणी नाही. मामा स्वतःचा फ्रिज विसरले. अर्ज कुणाकडे करायचा, भाषा कशी ठेवायची, ‘विनंती’ हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे अजिबात वापरायचा नाही, हे सगळं त्यांनी तिला समजावलं. शेवटी तीच म्हणाली, “काका, तुमची तक्रार काय होती?” तोवर फ्रिजमधला बर्फ वितळून फरशीभर पाणी झालं होतं.

आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा! त्या मामा का बघतात हे देवाला ठाऊक, पण एकही चुकवत नाहीत. तरुणपणी ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे कान तयार. पडद्यावर परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले की मामा इकडे खुर्चीत रुतून बसतात. “अरे, पट्टी सुटली त्याची आणि हे रडतायत! परीक्षक रडला म्हणजे गाणं चांगलं होतं का? कांदा चिरतानाही माणूस रडतो.” मत देण्यासाठी नंबर येतो, पण तो फक्त पसंतीसाठी असतो. नापसंती कळवायला वेगळा नंबर हवा, या मागणीसाठी त्यांनी वाहिनीच्या कस्टमर केअरलाही फोन केला होता. तिथल्या माणसाने त्यांना टीव्ही बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

यंदा गणपतीत चेअरमनसाहेबांनी सोसायटीतही तशीच स्पर्धा ठेवली. झगमगते पडदे, निवेदिका, परीक्षकासाठी ऑफिसातली फिरती खुर्ची. ठाण्याहून संगीताचे एक सर येणार होते, त्यांनी आयत्या वेळी नकार कळवला. पेटी वाजवलेला माणूस एकच उरला. “मामा, प्रत्येकाला दोन शब्द चांगले बोलायचे बरं का,” साहेब म्हणाले. “दोन शब्द नक्की बोलेन. कुठले, ते गाणं ठरवेल,” मामा म्हणाले.

हे ऐकून मला काळजी लागली, कारण बायकोनेही नाव दिलं होतं. लग्नाआधी ती गाणं शिकायची. मग संसार, नोकरी, मुलगी, आणि गाणं स्वयंपाकघरात जाऊन बसलं. श्रावणापासून ती रोज पहाटे उठून एक अभंग घोटत होती. इतक्या वर्षांनी ती चार लोकांपुढे बसणार, आणि समोर हा माणूस! भर मंडपात मामांनी तिचं गाणं सोलून काढलं असतं, तर तिने पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, याची मला खात्री होती. आदल्या संध्याकाळी मी दुधी हलव्याचा डबा घेऊन मामांकडे गेलो.

“जावईबापू, ही लाच आहे का?” मामांनी डबा उघडत विचारलं.

“नाही हो. म्हणजे... ती जरा हळवी आहे.”

“हळवी ती आहे की तुम्ही? तुम्ही काय म्हणता तिच्या गाण्याला?”

“छान म्हणतो.”

“काय गातेय उद्या?”

“अभंग आहे. तो... विठ्ठलाचा.”

“अभंगात विठ्ठल असतोच, जावईबापू. शब्द कुठले?”

रोज पहाटे माझ्या उशापलीकडे चाललेला तो अभंग मला सांगता येईना. मामांनी हलव्याचा एक घास घेतला आणि म्हणाले, “साखर जास्त झालीय.”

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. चेअरमनसाहेबांनी एक जुनं हिंदी गाणं म्हटलं. मामा म्हणाले, “साहेब, ताल सोडलात, पण धीर नाही सोडलात.” लोक हसले, साहेबही हसले. मग बायको गायला बसली. निवेदिकेने माईक सरकवला. मी सगळ्यात मागे, खांबाआड. मामांनी फिरती खुर्ची घट्ट धरून डोळे मिटले. ती गायली. मला छानच वाटलं, पण माझ्या ‘छान’ची किंमत आता मलाच कळली होती.

मामांनी डोळे उघडले. “सुरुवात घाबरत केलीस. दुसऱ्या चरणात श्वास अपुरा पडला, म्हणून शब्द मधेच तुटला. तिसऱ्यात जी तान घेतलीस ती तुझी नाही, टीव्हीवरून उचललेली आहे, ती टाकून दे. शेवटच्या चरणात मात्र टीव्ही विसरलीस, आम्हालाही विसरलीस. तेवढं गाणं होतं. बाकीचं तिथवर आण.”

निवेदिकेने घाईघाईने टाळ्या मागितल्या. बक्षीस सी विंगच्या एका मुलीला गेलं.

जिना चढताना मी म्हणालो, “मामांचं मनावर घेऊ नकोस गं.”

ती थांबली. डोळे भरलेले, पण चेहरा असा उजळलेला की मी बघतच राहिलो. “का नको घेऊ? अरे, श्वास कुठे तुटला ते कळलं त्यांना! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पूर्ण ऐकलं.” मग माझ्याकडे बघून तिने नुसताच माझा हात दाबला. ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता रविवारी सकाळी ती ए विंगमध्ये जाते. मीही जातो, कोपऱ्यात बसतो, मोबाइल घरी ठेवून. मामा पेटी काढतात, मामी चहा टाकतात. हल्ली मामा तिला अगदी जवळ, आपल्या उजव्या कानाशी बसवतात. मी लक्ष देऊन ऐकायला लागलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती चरण संपवते, मामा थोडा वेळ पेटीवर बोटं तशीच ठेवून बसतात, आणि मग म्हणतात, “पुन्हा म्हण.” कधी सूर खरंच हललेला असतो. कधी मलाही कळतं की सूर अगदी जागेवर होता. ती काही विचारत नाही. थोडी आणखी पुढे सरकते, आवाज जरासा चढवते आणि पुन्हा म्हणते.