मोरीमागचं लिंबू

कोन गावातल्या जुन्या घराच्या मोरीमागे कागदी लिंबाचं एक झाड होतं. लावलेलं सासूने, गुणाबाईंनी. पण लग्न होऊन आल्यापासून त्याला भांड्यांचं पाणी सोडलं, काटे टोचून घेतले, वाळक्या डहाळ्या छाटल्या त्या थोरल्या सुनेने, मालूने. आळीत कुणाकडे बोंबील तळले की लिंबासाठी हाक मालूलाच यायची.

घर पाडून तीन मजली इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा झाडही गेलं. गुणाबाईंचे दोघे मुलगे तेवढ्यापुरते पनवेलला एकाच इमारतीत भाड्याने राहायला आले. मालू सासूला घेऊन दुसऱ्या मजल्यावर, धाकटी जाऊ दिपिका तिच्या खाली.

झाडाची शेवटची लिंबं गुणाबाईंनी दोघींना वाटून दिली. म्हणाल्या, "बी धरा. नव्या घरामागं एकाच झाडापुरती माती ठेवलीय. जिच्या हातचा रोप येल, तिचाच तिथं लागंल."

मालूला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. दिपिका घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, ऑफिसला जाणारी. मालूच्या माहेरी भाताचं बियाणं घरचं असायचं. तिने लिंबाच्या बिया धुतल्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, राखेत घोळवून ठेवल्या आणि चांगला दिवस बघून पेरल्या. मग रोज सकाळी कुंडीत वाकून पाहायची. मातीच दिसायची.

एक दिवस खालून आरोळी आली. "आई, या ना! उगवलं!"

गुणाबाई दुखरे गुडघे विसरून जिना उतरल्या. वर आल्या त्या बोलतच. "पोरीच्या हाताला गुण हाय गो!"

मालूने भाकरी तव्यावर जरा जोरातच आपटली.

दुपारी न राहवून ती खाली गेली. "कसा केलास गं?"

"काही नाही ओ ताई. सरबत केलं, बी चोखून तिचा बुळबुळीतपणा काढला आणि ओलीच मातीत टाकली. मोबाईलवर बघितलं होतं, लिंबाची बी वाळवली की मरते."

"चोखून? शी!" मालू म्हणाली खरी, पण गच्चीवर उन्हात ठेवलेली ती थाळी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढं शेत पाहिलं आपण, आणि उगवलं या सरबतवालीचं!

दिपिकाची कुंडी खिडकीच्या कठड्यावर असे. कपडे वाळत घालताना मालूची मान आपोआप खाली वळायची. आज पान फुटलं, आज आणखी एक. ओली साडी इथूनच पिळली तर साबणाचं पाणी नेमकं कुठे पडेल, याचा अंदाजही तिने एकदा घेतला. मग स्वतःवरच चिडून साडी बादलीत पिळली.

एका रविवारी दिपिकाच वर आली. "ताई, एका बीतून दोन रोपं आलीत. वेगळी करायची तर माझा हात थरथरतो. तुम्ही भाताची लावणी केलेली आहे. कराल?"

मालू गेली. कुंडी समोर ठेवून दिपिका दुसरा डबा आणायला आत वळली. दोन्ही रोपं मालूच्या तळहातावर, मुळं एकमेकांत गुंतलेली. नख जरा रुतलं असतं तर दोन्ही संपली असती. तिने पाण्यात माती सोडवली आणि अलगद रोपं वेगळी केली.

"एक तुम्ही घ्या," दिपिका येत म्हणाली.

मालूने थोरलं उचललं. दिपिकाने ते पाहिलं.

"काय बघतेस? सगला तुलाच पायजे काय?"

"अहो, घ्या की!" दिपिका हसली.

वर गुणाबाईंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी रोप जवळ धरलं, पान चुरडून हुंगलं. "तुजा पन आला? बोलली नायस!"

मालूने खरं सांगायला तोंड उघडलं. "आला," ती म्हणाली.

संध्याकाळी दिपिका भाजी द्यायला आली, तोच गुणाबाई म्हणाल्या, "बग, थोरलीचा पन उगवला. आता सांग, नव्या घरामागं कोनाचा लावू?"

मालूचा हात लाटण्यावर थांबला. दिपिकाने एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा मालूकडे.

"ताईंचंच लावा, आई. माझ्यापेक्षा मोठं आहे ते."

इतक्या सहज म्हणाली की मालूला तिचं रोप उगवलं तेव्हाही झाली नव्हती एवढी जळजळ झाली. हे आपल्याला कधी जमलं नसतं.

"चहा घेशील?" तिने विचारलं आणि उत्तर न ऐकताच ओट्याकडे वळली.