तोडीला मनाई

देवाजीभाऊंचा कागदावर भारी विश्वास. तीस वर्षं शाळेत शिपाई होते, म्हणून असेल. छापलेलं काही हाती आलं की चष्मा पुसून पूर्ण वाचायचे आणि मग त्यात लिहिल्यापासून तसूभर हलायचे नाहीत. मला याचा राग यायचा. आता तर जास्तच येतो.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात शेतात साग लावणाऱ्यांसाठी योजना आली. पाच वर्षं झाडं जगवा, शेतसारा माफ, वर झाडामागे अनुदान. भाऊंनी एकरभर साग लावला. कागदावर लिहिलं होतं, 'लागवडीत कोणतीही तोड केल्यास सवलत रद्द.' झालं! सागाखाली घाणेरीची झुडपं माजली, माणसाच्या डोक्यावर गेली, पण भाऊंनी तिला विळा लावू दिला नाही.

पाचव्या वर्षी त्या झाडोऱ्यात वाघीण राहू लागली. आधी गावातली कुत्री गेली, मग शेजारच्या कोलूची कालवड. मी भांडायलाच गेलो.

"भाऊ, घाणेरी काढून टाका नं. बाजूच्या धानाच्या बांधीत बाया लाखोरीचं पीक उपटून राह्यल्या."

"कोनतीही तोड म्हन्ते ना कागद? मार्चात मोजनी हाय. ते झाली का काढतो. मले का गिरजेची काळजी नाई?"

त्यांची बायको गिरजाबाई हसल्या. "आमी पाच जनी राह्यतो तिथी. काई होत नाई."

मला मात्र ते हसणं आवडलं नाही.

मोजणीच्या दिवशी जीप आली तशा बाकीच्या बाया बघायला रस्त्यावर आल्या. उरलेला पट्टा संपवून येते म्हणून गिरजाबाई एकट्या मागे राहिल्या.

साहेब जीपमधूनच म्हणाले, "अहो, आत पाय कुठे ठेवायचा? एवढी घाणेरी का वाढवली?"

"तोड मना हाय ना, साहेब."

"ती सागाची! घाणेरी काढायला कुणी मना केलं?"

 भाऊ बांधीकडे वळले. लाखोरीत कोणी उभं नव्हतं.

"गिरजे!"

माझ्या हातातला विळा हिसकावून ते घाणेरीत घुसले. तोडत होते, हाका मारत होते. आम्ही ओरडत मागे धावलो. वाघीण पळाली. सागाच्या तिसऱ्या ओळीत गिरजाबाई सापडल्या. जीव गेला होता.

मोजणी नंतर कधीतरी उरकली. जूनमध्ये पत्र आलं. भाऊंनी ते न उघडताच माझ्या हातात दिलं. सगळी झाडं जिवंत, सवलत मंजूर, असं मी वाचून दाखवलं.

"तिच्याबद्दल काई लिवलं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाई, भाऊ."