नाव भुऱ्याचं झालं

हे मी कधीच कुणापुढे बोलले नाही. माहेरी नाही, पोटच्या लेकीजवळ नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलते. आजच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

लग्न होऊन मी कासार आंबोलीला आले तेव्हा घरात भुऱ्या होता. मालकांचा लाडका कुत्रा. मालक म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. भुऱ्या दिसायला गावठीच, एक कान पडका — पण नाक? तसलं नाक मी पुन्हा पाहिलं नाही. तितर कुठल्या झुडपाखाली दडलाय ते त्याला बांधावरूनच कळायचं. मग भुंकणं नाही, धावणं नाही. पुढचा एक पाय उचलून, शेपूट ताठ करून नुसता उभा राहायचा. मागून मालक बंदूक घेऊन यायचे, आणि संध्याकाळी घरात रस्सा शिजायचा. मीही तो आवडीनं खायचे — खोटं कशाला सांगू?

दुपारी शेतावर भाकरी पोचवायला निघाले की भुऱ्या माझ्यासोबत. सासरी मोठ्यानं हसायची सोय नव्हती, पण डोंगराकडच्या वाटेवर कोण ऐकणार? एक दिवस करवंदीच्या जाळीपाशी तो थबकला. मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि — काय मनात आलं कोण जाणे — टाळी वाजवली. तितरांचा अख्खा थवा फर्रकन माझ्या तोंडासमोरून उठला. मी किंचाळले, मग हसत सुटले, हसता हसता खालीच बसले. भुऱ्या माझ्याभोवती गिरक्या घेत होता.

मग तो आमचा रोजचा खेळच झाला. तो दाखवायचा, मी टाळी वाजवायची. पुढं पुढं तो टाळीचीही वाट बघेना. वास लागला की झुडपात उडीच. लावे उडाले, तितर उडाले, एकदा तर मानेवर सोनेरी ठिपक्यांचा रानकोंबडा. तो पार पलीकडच्या झाडीत जाईतो मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. शिकारीचा कुत्रा आपण बिघडवतोय, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

पावसाळाभर आणि सुगीत मालकांनी बंदूक काढलीच नव्हती. थंडीत त्यांनी भुऱ्याचं कौतुक सांगून सांगून पौडचे दोन पाहुणे शिकारीला आणले. मी भाकरी घेऊन बांधावरच होते. भुऱ्याला वास लागला, आणि पाहुण्यांनी बंदुका उचलायच्या आत त्यानं उडी घेतली. थवा गेला आभाळात. पुढच्या जाळीत पुन्हा तेच. पाहुणे हसले. मालकांचं तोंड उतरलं.

"ह्याला कुनी बिघडवलं?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"मला काय ठावं," मी चुलीकडे बघत म्हणाले. "त्याचंच डोस्कं फिरलं असंल."

भुऱ्या माझ्या पायाशीच बसला होता.

मालकांनी त्याला डोंगरापलीकडच्या धनगराला देऊन टाकलं. मी एक शब्द बोलले असते तर तो राहिला असता. भ्याले म्हणू? मालक मारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. मला फक्त माझ्या दुपारी कुणाला कळू द्यायच्या नव्हत्या. त्यापायी कुत्रा गेला.

पुढं एकदा पौडच्या बाजारात त्या धनगराची बायको भेटली.

"लई गुनाचं कुत्रं दिलंसा, वैनी," ती म्हणाली. "मेंढरं झ्याक राखतंय. पन येक खोड हाय. पाखरं उठवतंय अन् मागं वळून बघत ऱ्हातंय. कुनाची वाट बघतंय, काय कळंना."

"असंल काय तरी," मी म्हणाले.

लाज नंतर वाटली. आधी आनंदच झाला — इतका, की घरापर्यंत मी एकटीच हसत चालले. मालकांनी विचारलं, "का हसतीस?" मी म्हणाले, "काय न्हाई."

ते गेले तोवर मी त्यांना दुसरं उत्तर दिलं नाही.