बाबांच्या गाडीचा फाटलेला पाईप

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी जामसंड्याहून माहेरी पोचले, तर अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि त्यात दोन माणसं वाकली होती. एक बाबा, दुसरी माझ्या धाकट्या भावाची बायको. तिने दुपट्टा कमरेला खोचला होता, कोपरापर्यंत हात काळे होते. बाबा तिच्यासाठी बॅटरी धरून उभे होते. ती म्हणेल तिकडे उजेड फिरवत होते.

मी फाटकातच थांबले. माझ्या वडिलांना मी कुणासाठी बॅटरी धरताना कधी पाहिलं नव्हतं.

ही गाडी बाबांनी मी कॉलेजात असताना घेतली. पेट्रोलची, लहानशी, तेव्हा लालभडक होती, आता टपावर गुलाबी पडली आहे. दर रविवारी ते तिच्यात काही ना काही करत बसायचे. भावाला हाक मारायचे, "ये रे, बघ, प्लग कसो काढतत ता." भाऊ दोन मिनिटं उभा राहायचा आणि बॅट घेऊन पसार व्हायचा. मी मात्र पडवीच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत बघायचे. जवळ गेले की बाबा म्हणायचे, "हात काळे करून घेव नको गो. आत जा, पाणी हाड." मी पाणी आणायचे. रागावून नाही म्हणायचे ते, लाडानेच म्हणायचे, त्यामुळे भांडताही यायचं नाही. गाडी चालवायला मी लग्नानंतर क्लास लावून शिकले आणि पहिल्यांदा चालवत माहेरी आले तेव्हा बाबांनी कौतुकाने शेजाऱ्यांना बोलावलं होतं. पण बॉनेट तेव्हाही ते स्वतःच उघडायचे.

भाऊ जहाजावर असतो. वर्षातले कितीतरी महिने तो नसतोच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भावाचं लग्न झालं आणि बांद्याची ही मुलगी आमच्या घरात आली. तिच्या वडिलांचं हायवेला गॅरेज. ती स्वतः फोंडाघाटात बँकेत नोकरीला, आणि रोज बाबांची गाडी घेऊन जाते. बाबांनी किल्ली तिच्या हातात कधी दिली ते मला कळलंसुद्धा नाही. मला ती किल्ली मिळायला चाळिशी यावी लागली होती.

"वन्सं, इलात?" तिने मान वर करून विचारलं. "गाडी खेचना नाय बघा. चढ इलो की कुथता. मिसिंग मारता, मधीच ठोको चुकता."

"प्लग बघ," मी म्हटलं.

"प्लग नवे घातले," बाबा म्हणाले. "उपयोग नाय. पण एक गंमत आसा. तू दाखव गो तिका."

ती गाडीत बसली. आमच्या घराकडे येणारी वाट चढाची आहे. तिने गाडी खाली नेली आणि पुढच्या गिअरमध्ये वर आणायला लागली. गाडी थरथरली, आचके दिले आणि अर्ध्यावर बंद पडली. मग तिने गाडी वळवून घेतली आणि तोच चढ उलटा, मागच्या गिअरमध्ये चढवला. एक आचका नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी मागे मागे अंगणात येऊन उभी राहिली. बाबा टाळी वाजवून हसले.

"मागे बरी जाता, फुडे जायना!" ते म्हणाले. "आता कारण सांग तिका."

मला कुणी कारण सांगायला नको होतं. पण तिने सांगितलं आणि ते मी ऐकलं. पुढे जाताना इंजिन जागच्या जागी एका बाजूला कलतं, मागे जाताना दुसऱ्या बाजूला. म्हणजे एका बाजूला कललं की काहीतरी उघडतं, आणि दुसरीकडे कललं की मिटतं. एअर फिल्टरमधून इंजिनात हवा नेणारा एक जाड रबरी पाईप असतो, मध्ये घड्या असलेला. तिने त्याच्या खाली हात घातला, पाईप वाकवला आणि बोट थांबवलं.

"गावला! बाबा, हय उजेड धरा."

वरून धडधाकट दिसणारा पाईप खालच्या अंगाने, दोन घड्यांच्या मध्ये, चांगला बोटभर फाटला होता. त्यातून इंजिन नको ती हवा ओढत होतं.

बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. नुसती थाप. पण मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पातेली हलवत बसले.

पाईप काढून झाल्यावर नवा कुठे मिळेल याची चर्चा सुरू झाली. गाडी जुनी, कोल्हापूरहून मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल. ती म्हणाली, तोवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळू. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "तसली मलमपट्टी कित्याक? मी नेतंय देवगडाक. थंय बंदरावर होड्यांक फायबर मारतत. समुद्रात टिकता, तर गाडीत टिकाचा नाय?"

तिने पाईप हातात वाकवून दाखवला. "वन्सं, ह्यो हालतो पाईप. कडक केल्यार टिकाचो नाय असा माका वाटता."

"नेव दे तिका," बाबा म्हणाले. "बघूया."

ते 'बघूया' मला पुरेसं होतं. आठवडाभर भावजय बसने बँकेत जाणार होती. रविवारी संध्याकाळी एस.टी.त मी तो तेलकट पाईप पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले. बंदरावर होड्या दुरुस्त करणारा नवऱ्याच्या ओळखीचा आहे. तो पाईप बघून हसला, म्हणाला, होडीचा काम आसता बाई माझा. तरी त्याने फाटलेल्या जागेवर फायबरची जाळी लावली, वर रेझिन चढवलं. वाळल्यावर घरी आणून मी स्वतः पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. नवरा म्हणाला, "वह्या तपासायच्या राहिल्यात ना तुझ्या?" मी ऐकलं नाही. तो पाईप मला भाकरीसारखा हातावर घेऊन बघत राहावासा वाटत होता.

पुढच्या शनिवारी मी तो बसवला. मीच. भावजय म्हणाली, मी देतंय पकडून, पण मी म्हटलं नको. दोन्ही टोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या. बोटाचं सालपट निघालं. आणि बाबा माझ्या शेजारी बॅटरी धरून उभे होते. "थोडो डावीकडे घे," ते म्हणाले. "हां. आता आवळ." इतकी वर्षं खांबाला टेकून जे बघितलं ते हातात आलं होतं. गाडी सुरू झाली, पहिल्या दमात, एकसारखी. बाबा म्हणाले, "वा." मी भावजयीकडे बघितलं. ती खरंच खूश दिसत होती, आणि तेही मला आवडलं नाही.

आम्ही तिघं फोंडाघाटच्या बाजाराला निघालो. मी चालवत होते, बाबा पुढे, ती मागे. बाजार झाल्यावर मीच म्हटलं, जरा घाटात जाऊन येऊया, वारं खाऊया. खरं म्हणजे मला गाडी चढावर दाखवायची होती.

पहिली दोन वळणं गाडी छान चढली. तिसऱ्या वळणावर आधी फुस्स असा आवाज आला, मग आचके, मग इंजिन बंद. मी हँडब्रेक ओढला. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला.

बॉनेट उघडलं. माझा फायबरचा तुकडा दगडासारखा शाबूत होता. पाईप त्याच्या अगदी कडेला, नव्या जागी, आधीपेक्षा मोठा फाटला होता. कडक भाग हलला नव्हता, म्हणून सगळा ताण शेजारच्या रबरावर आला होता. हे मला आता बघताक्षणी कळलं, आणि ते तिने आठवड्यापूर्वी पाईप वाकवून दाखवलं होतं.

तिने 'मी सांगितलं होतं' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते. पण तिने मुकाट्याने डिकी उघडली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी काढली. म्हणजे ती घेऊनच आली होती. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून तिने पाईप पेट्रोलच्या फडक्याने पुसला आणि मला म्हणाली, "वन्सं, ह्या टोक घट्ट धरा." मी धरलं. ती पट्टी ताणून ताणून गुंडाळू लागली.

बाबा शेजारी उभे राहून तिचे हात बघत होते. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीन तुका बरा शिकवल्यान हां."

मी म्हणून गेले, "आणि माझ्या बापाशीन माका कित्याक नाय शिकवल्यान?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. भावजयीचे हात थांबले नाहीत, पण मान आणखी खाली गेली. बाबा दरीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, तुझी आई रागावली असती, तुझा अभ्यास होता, तेव्हा पद्धतच नव्हती. यातलं काहीही म्हटलं असतं तर मी मान्य केलं असतं.

"नाय सुचला माका," ते म्हणाले.

एवढंच. मग पुन्हा, जरा हळू, "खरोच नाय सुचला गो."

परत येताना मी मागे बसले. ट्यूबच्या पट्टीवर गाडी घरापर्यंत नीट आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी कढीसाठी कोकमाची सोलं भिजत घालत होते. भावजय हात धुऊन आली, तरी नखं काळीच होती. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बापाशीन माका शिकवल्यान, कारण माझो भाव तेव्हा लहान होतो. कोणीतरी हाताखाली होया होता. भाव मोठो झालो, दहावी झालो, आणि बापूस म्हणालो, आता तू गॅरेजात येव नको, गिऱ्हायका बघतत. मगे मी बँकेची परीक्षा दिलंय."

"आणि गॅरेज?"

"भाव बघता. त्याका मिसिंगचो आवाजसुद्धा कळना नाय."

हे तिने इतक्या रागाने म्हटलं की मला हसू आलं. मग तीही हसली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण म्हणून मत्सर गेला असं नाही. तो तिथेच होता, फक्त आता मला ठाऊक झालं होतं की तसलाच एक तिच्याकडेही आहे, बांद्याच्या दिशेला तोंड करून बसलेला.

कोल्हापूरहून नवा पाईप आला तेव्हा आठवड्याचा मधला वार होता. बाबांचा फोन आला. "पाईप इलो हा. पण आम्ही बसवक नाय. तू शनिवारी येतलंस मा?"

"तिका सांगा ना बसवक. ती रोज गाडी नेता."

"तीच म्हणता, वन्संक येव दे. आणि मी पण म्हणतंय."

शनिवारी मी तो बसवला. तिने खालची पत्र्याची पट्टी धरली, बाबांनी बॅटरी. दोघींना ते एकाच वेळी वेगवेगळ्या सूचना देत होते, त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या. गाडी पुढच्या गिअरमध्ये आमचा चढ सहज चढली. मग बाबा म्हणाले, "आता ऑइल बदलूया. उद्या. तू आणि मी."

तर रविवारी सकाळी मी, दोन मुलांची आई, शाळेत मुलींना हात स्वच्छ ठेवा म्हणून सांगणारी, गोणपाट अंथरून गाडीखाली आडवी झाले. बाबा शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, खालचो नट गावलो? पाना नीट बसय. घाई करू नको, ऑइल गरम आसतला. त्यांचे फक्त पाय मला दिसत होते, वहाणांतून बाहेर आलेल्या अंगठ्यांसकट. इतकं लक्ष ते मला देत होते आणि मला त्यातला थेंबही सांडायचा नव्हता.

दुसऱ्या बाजूने आणखी दोन पाय आले. भावजय खाली वाकली. तिने केस बांधले होते, म्हणजे तयारीनेच आली होती.

"वन्सं, मी येव खाली? नट घट आसतलो तो."

"नको," मी म्हटलं. "हय जागा नाय."

जागा भरपूर होती. बाबा हसले. ती पायरीवर जाऊन बसली आणि तिथून बघत राहिली, आणि मी दोन्ही हातांनी पाना धरून ओढत राहिले, कारण नट खरोखरच घट्ट होता.