डावीकडची कबर

सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनवर कंबरेची हाडं मोजायची. सांगाड्यावरून बाई की पुरुष हे ओळखायची जुनी मापं युरोपियन हाडांवरून ठरलेली, त्यामुळे आशियाई हाडांना लावली की गडबड होते. ती गडबड निस्तरणं हे माझं काम. पुण्यात कुणी विचारलं की आई "कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायची, आणि ते बरंच होतं.

शेजारच्या टेबलावरची चिनी मैत्रीण एकदा म्हणाली, "माझ्या आजी-आजोबांच्या कबरी रस्त्यासाठी उकरणार आहेत. कोणती कुणाची ते सांगायला येशील?" हाडं काढून जाळायची आणि राख जपून ठेवायची, अशी त्यांची रीत. पण तिच्या आत्याला फक्त आपल्या आईची राख देवळात ठेवायची होती. बापाने दुसरा संसार थाटला होता. त्याची राख समुद्रात सोडायची. एकदा राख झाल्यावर चूक कोण सुधारणार? दगडांवरची अक्षरं तर पार झिजलेली. आत्या लहान असतानाच तिची आई आणि मागोमाग बापही गेला होता. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला बायको असते, या प्रथेच्या भरवशावर ती दर वर्षी डावीकडच्या कबरीची पूजा करायची.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा दोन ताडपत्र्यांवर दोन्ही कबरींतली हाडं त्याच क्रमानं मांडून ठेवली होती. डावीकडची कवटी नाजूक, बाईची वाटावी अशी होती, आणि सगळे माझ्याकडे "झालं की काम" अशा नजरेनं बघत होते. मला रागच आला. नुसत्या कवटीवर माझा भरवसा नसतो. दणकट जबड्याच्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. मी कंबरेची हाडं उचलली. डावीकडच्या हाडाची मागची खाच अरुंद, अंगठा जेमतेम मावला. उजवीकडची बाईची असते तशी चांगली पसरट. पुढच्या जोडाखालचा कोनही तेच सांगत होता.

रिपोर्टात आम्ही "बहुधा स्त्री" असं लिहितो आणि सुखानं घरी जातो. इथे बहुधा म्हणायची सोय नव्हती.

"आंटी, आई उजवीकडे आहे," मी म्हणाले.

मैत्रिणीने ते त्यांच्या होक्कियन बोलीत सांगितलं. आत्या डावीकडच्या हाडांकडे वळली. मग हसली, डोळे पुसले आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?"

"दर वर्षी इथे बसून ती आईला बापाबद्दल सांगायची. रडून, शिव्या घालून. म्हणते, म्हणजे त्यानंच सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं. आता दोघांनाही देवळात ठेवा."