आईच्या ब्लाउजची पिन

मुरबाडची एसटी सुरू होऊन थरथरत होती आणि धसईच्या स्टँडवर, नेमकी परीक्षेच्या सकाळी, लेकीच्या ड्रेसची पाठीवरची चेन तुटली. माझ्या ब्लाउजच्या तुटक्या हुकाच्या जागी लावलेली सेफ्टी पिन काढून मी तिला लावली. एवढीशी तार! एका टोकाला वेटोळं, म्हणून ताणून धरते. दुसऱ्या टोकाला टोपी, म्हणून टोचत नाही.

याच स्टँडवर मी बारावीच्या पेपराला निघाले होते, तेव्हा माझ्याही ड्रेसचा पाठीवरचा हूक असाच तुटला होता. बाजारासाठी आणलेली मेथीची पाटी खाली ठेवून आई माझ्या पाठीवर पिन लावायला खटपटत होती. बोटं गार, ओल्या मेथीच्या वासाची.

"आई, लवकर गो, गाडी जाईल!"

"नाय जात. हलू नको, टोचंल."

गाडी सुटली. मी खिडकीतून हात हलवत राहिले, पण आईने हात केलाच नाही. एक हात डोक्यावरच्या पाटीला, दुसरा छातीशी. मुरबाडपर्यंत मी धुसफुसत होते. एक हात उचलायला हिचं काय जात होतं?

आज लेकीने खिडकीतून हात केला. माझ्या एका हातात पिशव्या होत्या, दुसऱ्याने मी पदराआड ब्लाउज घट्ट धरला होता. तिचा चेहरा पडलेला मला दिसला.

पेपर सुटेपर्यंत तिचा फोन बंद. मी ओटीवर येरझाऱ्या घालतेय. आली की आधी सांगणार आहे, मी हात का केला नाही ते.

आईने मला कधीच सांगितलं नाही.