तिच्या डोक्यातलं पाणी

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण धरमतरच्या खाडीचं पाणी कुठं शिरेल, हे मला साहेबलोकांपेक्षा जास्त कळायचं, आणि तसं मी त्यांच्या तोंडावर सांगायचो. बांध फुटून खांड पडली, तर उधाणात तिथं माती टाकायची नाही, सगळी वाहून जाते. चार-पाच दिवस थांबायचं. भांगाची लहान भरती आली, पाण्याचा जोर उतरला, की माणसं लावायची.

शतक सरत आलं होतं. बायको भात पाखडताना कलंडली. उजवा हात लोंबला, वाचा गेली. रोह्याला दिलेली पोरगी धावत आली.

"बाबा, पेणला नेऊया. आत्ताच्या आत्ता."

"झटका ताजा हाय. जोर उतरू दे."

"ती काय खाडी हाय का?"

"तू मला शिकवू नको गो."

चार दिवस तिला हलू दिलं नाही. पाचव्या दिवशी नेली.

सहा महिने झाले तरी हात उचलेना, शब्द फुटेना. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. पोरगीही सोबत आली. तिथं एक डॉक्टरीणबाई डोक्यातल्या तंतूंचे फोटो काढायच्या. "हे नवीन आहे, आम्हीही शिकतोय," म्हणाल्या. मला ते आवडलं.

"आत धातू चालत नाही. मंगळसूत्र काढा."

"मी मेल्यावर काढंल ती."

बायकोनं डाव्या हातानं ओढून काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. मग तासभर बंद खोलीतून ठणाठणा आवाज.

बाईंनी पडद्यावर दाखवलं. "बाबा, तंतूंत पाणी असतं. तंतू धड असला, तर पाणी त्याच्या लांबीनं सरकतं. तुटला, की चहूकडं पसरतं. मशीन ते सरकणं टिपतं, त्यावरून आम्ही वाटा काढतो." उजवीकडची वाट सुंभासारखी जाड, वरपासून खालपर्यंत. डावीकडची बारीक होत मध्येच संपलेली. उजवा हात आणि बोलणं डावीकडून चालतं म्हणे.

"खांड पडली. मग बांधा की."

"इथं बांधता येत नाही."

"वाचा?"

"आता आशा धरू नका."

मग मी विचारलंच. "चार दिवस आधी आणली असती तर?"

बाई माझ्या पोरीकडं बघून म्हणाल्या, "थोडं वाचलंही असतं. नक्की नाही सांगता येणार."

पोरगी उठून बाहेर बसलेल्या आईला आणायला गेली. बोलली असती, तर मी भांडलो असतो.

घरी आल्यावर बायकोनं हनुवटी उडवून विचारलं, काय म्हणाले? मी आयुष्यात कुणापुढं चूक कबूल केली नव्हती. ओटीवर तिच्यासमोर बसलो.

"माझ्यामुळं गेलं गो. मी थांबवलं."

ती बघत राहिली. ओठ हलले, "अ... अ..." एवढंच आलं. पुन्हा जोर केला, तेच आलं. मग तोंड फिरवलं.

शिवी होती, की जाऊ दे म्हणत होती? नंतर तीन वर्षं जगली. मी बरेचदा विचारलं. तिनं एकदाही मान हलवली नाही.